न्याय आणि निकाल एकाच वहीत

मुलग्यांच्या ख्रिस्ती शाळेत सामाजिक न्यायाचं काम बहुधा एका कोपऱ्यात चालतं. वर्षातून एकदा जुने कपडे आणि वह्या गोळा होतात, एखाद्या वृद्धाश्रमाला भेट दिली जाते, सकाळच्या प्रार्थनेत त्यावर दोन शब्द बोलले जातात. निकालाचं काम दुसऱ्या कोपऱ्यात चालतं. तिथे चाचण्या, जादा तास आणि गुणवत्ता यादी. मधली भिंत काढायला आम्हाला तीन शैक्षणिक वर्षं लागली. कोणत्या क्रमाने काय केलं, कुठे बिघडलं आणि का बिघडलं, ते इथे मांडत आहोत. हे वाचून एखाद्या शाळेचं पहिलं वर्ष वाचलं तरी खूप झालं.

३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळांचे माजी विद्यार्थी जमले होते. धर्मसंघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी त्यांच्यासमोर विचारलं की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही, हे उत्तरही त्यांनीच दिलं. शिक्षकसभेत आम्ही या प्रश्नाच्याही एक पाऊल मागे गेलो. मुलांना न्याय शिकवण्याआधी, शाळा स्वतः मुलांशी न्यायाने वागते का? भाषणं करून हे कळत नाही. त्यासाठी शाळेत आधीच असलेल्या वह्या एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतात.

सुरुवात दहा रकान्यांनी झाली. विद्यार्थ्याचा सांकेतिक क्रमांक, भाषा, गणित आणि विज्ञान यांचे मागच्या दोन सत्रांचे गुण, हजेरी, उशिरा आल्याचे दिवस, शिक्षेमुळे वर्गाबाहेर गेलेली मिनिटं, फी सवलत आहे का, घरातून शाळा पूर्ण करणारा हा पहिलाच असेल का, आणि खेळ, वाद्यवृंद, विद्यार्थी मंडळ यांपैकी कशात तो आहे. ही सगळी माहिती शाळेकडे असतेच, फक्त ती चार जणांच्या चार कपाटांत असते. एकत्र आणताना नावं काढून टाकायची आणि कोणता क्रमांक कोणाचा याची किल्ली मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि समुपदेशक या तिघांकडेच ठेवायची. इथे ढिलाई झाली तर पुढचं काहीच चालत नाही. सवलतीची यादी एकदा शिक्षकखोलीत उघडी राहिली की दुसऱ्या दिवसापासून काही मुलं ‘सवलतवाली’ होतात, आणि मग त्यांच्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट त्यांना शिक्का मारल्यासारखी वाटते.

वाचताना सरासरी बाजूला ठेवली. दोन तुकड्यांची सरासरी ६० असू शकते. एकीत सगळी मुलं ५० ते ७० च्या मधली, दुसरीत अर्धी ८५ वर आणि अर्धी ३५ वर. पहिल्या तुकडीला नेहमीचं शिकवणं पुरेल, दुसऱ्या तुकडीत मात्र दोन वेगळ्या शाळा एका खोलीत बसल्या आहेत. म्हणून गुणांप्रमाणे ओळ लावून तळाची पाव मुलं वेगळी काढली आणि उरलेले रकाने त्यांच्यापुरते वाचले. छोट्या गटावरून मात्र घाईने काही ठरवू नये. आठ मुलांच्या गटात एक जण नापास झाला की टक्केवारी साडेबाराने हलते. दहापेक्षा कमी मुलं असतील तिथे टक्के काढण्यापेक्षा एकेका मुलाबद्दल वर्गशिक्षकांशी बोलणं बरं.

वहीतून दोन गोष्टी लगेच वर आल्या: वाचन आणि शिक्षा.

वाचनाकडे आधी कुणाचं लक्ष नव्हतं, कारण तक्रार गणिताची होती. तळाच्या पाव मुलांच्या उत्तरपत्रिका समोर घेतल्या तेव्हा आकडेमोडीची उदाहरणं बऱ्यापैकी सुटलेली आणि शाब्दिक उदाहरणं कोरी, असं चित्र होतं. याची तपासणी साधी आहे. मुलाने सोडून दिलेलं शाब्दिक उदाहरण त्याला शांतपणे वाचून दाखवायचं, समजावून सांगायचं नाही. ऐकून त्याने ते सोडवलं, तर अडचण वाचनाची. ऐकूनही अडला, तर गणिताची. या दोन मुलांना एकाच जादा तासाला बसवणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं.

त्यानंतर प्रत्येकाचं प्रकटवाचन घेतलं. त्याच इयत्तेच्या पाठ्यपुस्तकातला, पण वर्गात न शिकवलेला सुमारे २०० शब्दांचा उतारा. पहिल्या मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजायचं, उतारा पूर्ण होऊ द्यायचा, मग पाच तोंडी प्रश्न विचारायचे: तीन उताऱ्यात थेट उत्तर असलेले, दोन अर्थ लावावा लागणारे. एका मुलाला सात मिनिटं लागतात. साठ मुलांना ४२० मिनिटं, म्हणजे तीन शिक्षकांनी आठवडाभर रोज जेमतेम अर्धा तास दिला की झालं. भरभर वाचून एकही प्रश्न न येणारी मुलं आणि अडखळत वाचून सगळे प्रश्न सोडवणारी मुलं, दोन्ही सापडतात. दुसऱ्या मुलांना आजवर ‘कच्ची’ म्हटलं गेलेलं असतं, आणि तो त्यांच्यावर सरळ अन्याय आहे. हे वाचन वर्गासमोर कधीही घेऊ नये. मुलांच्या शाळेत अडखळणारा मुलगा हसं होऊ नये म्हणून पुस्तकच विसरून येतो, नाहीतर खोडी काढून बाहेर जायची सोय करतो. शिस्तीची वही आणि वाचनाची वही एकमेकींना तिथे भेटतात.

वाचनाला न्यायाचा पहिला प्रश्न मानण्यात नवीन काही नाही. जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गरीब मुलांसाठी शाळा उभ्या केल्या, तेव्हा वाचन लॅटिनऐवजी आधी मुलांच्या बोलत्या फ्रेंचमधून सुरू केलं. ज्या मुलाला थोडीच वर्षं शाळेत राहता येणार, त्याला त्या वर्षांत वाचता यायला हवं, हा हिशेब त्यामागे होता.

उपाय म्हणून जोडीवाचन घेतलं. दोन वर्षं पुढच्या इयत्तेतला मुलगा आणि त्याच्यासोबत धाकटा. २० मिनिटं, आठवड्यातून तीन वेळा, १२ आठवडे. दोघं एकत्र मोठ्याने वाचतात. धाकट्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की तो टेबलावर टिचकी मारतो आणि मोठा थांबतो. चूक झाली किंवा अडला तर मोठ्या मुलाने मनात पाचपर्यंत मोजायचं, मग शब्द सांगायचा, धाकट्याने तो म्हणायचा, आणि पुन्हा दोघांनी एकत्र सुरू करायचं. ‘एवढंही येत नाही?’ हे वाक्य वर्ज्य. मोठ्या मुलांना आधी ४० मिनिटांची दोन सत्रं दिली. त्यांतल्या दुसऱ्या सत्रात त्यांनी एकमेकांवर सराव केला, आणि एका उताऱ्यातले शब्द मुद्दाम अवघड घातले, म्हणजे अडण्याचा अनुभव त्यांनाही यावा.

पहिल्या वर्षी यात तीन चुका झाल्या. पहिली चूक म्हणजे सर्वांत हुशार मुलं सर्वांत मागे असलेल्यांना जोडली. अंतर फार पडलं, मोठे कंटाळले, धाकटे गप्प झाले. मधल्या फळीतली मुलं या कामाला अधिक चांगली असतात आणि शिकवता शिकवता त्यांचं स्वतःचं वाचनही पक्कं होतं. दुसरी, वेळ खेळाच्या तासातून काढली. कित्येक मुलांना शाळेत शाबासकी फक्त मैदानावर मिळते. तीच काढून घेतली तर कितीही चांगला उपक्रम शिक्षा होऊन बसतो. तिसरी, फक्त ‘गरजू’ मुलांना वर्गातून उठवून नेलं. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना कळलं. दुसऱ्या वर्षापासून दिवसाची पहिली २० मिनिटं अख्ख्या शाळेने वाचायचं असं ठरवलं. कुणी एकटं, कुणी जोडीने, कुणी ग्रंथालयात. त्यात कोण का कुठे बसलं आहे, हे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ती २० मिनिटं हवेतून येत नाहीत. साप्ताहिक चाचणी पाक्षिक केली आणि प्रार्थनेनंतरच्या सूचना फळ्यावर लावायला सुरुवात केली, तेव्हा ती निघाली.

आता शिक्षा. ‘वर्गाबाहेर उभा राहा’ ही शिक्षा किरकोळ वाटते, कारण तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. उशिरा येणारा मुलगा आठवड्यातून दोनदा २० मिनिटं बाहेर राहिला तर ३६ आठवड्यांत १,४४० मिनिटं होतात, म्हणजे ४० मिनिटांचे ३६ तास. वेळापत्रकात पहिला तास कायम गणिताचा असेल तर हे छत्तीसही तास गणिताचेच जातात. मग वर्षाच्या शेवटी त्याच मुलाला गणितात नापास करून आपण म्हणतो की त्याला गणिताची आवड नाही. लांबून येणारी, धाकट्या भावंडांना सोडून येणारी, सकाळी घरचं काम उरकून येणारी मुलं यात सर्वाधिक अडकतात. दोन बदल केले. पहिल्या तासाचा विषय रोज वेगळा ठेवला, आणि उशिरा आलेल्याने थेट आपल्या जागेवर बसायचं, कारण मधल्या सुट्टीत विचारायचं. महिन्यात चारदा उशीर झाला तर घरी फोन, तोही ‘अडचण काय आहे’ असं विचारायला.

बाकी शिक्षांसाठी एक वही केली. वेळ, ठिकाण, कारण, कोणी दिली, किती मिनिटं वर्ग बुडाला. सहा आठवड्यांत ठरावीक साचा दिसू लागतो. तीच ती दहा-बारा मुलं, शेवटचे दोन तास, आणि काही ठरावीक वर्गखोल्या. शिक्षकांना ही वही आपल्यावर पाळत ठेवणारी वाटू शकते, आणि ती भीती खोटी म्हणून उडवून लावू नये. नोंदी शिक्षकांच्या मूल्यमापनात वापरल्या जाणार नाहीत, हे लेखी द्यावं लागलं. ते दिल्यावरच वही खरी भरली जाऊ लागली.

भांडण, शिवीगाळ, नासधूस यांसाठी दहा मिनिटांचं समेटाचं बोलणं ठेवलं. काय झालं, कुणाला त्रास झाला, आता ते कसं भरून काढणार, या क्रमाने. ‘का केलंस’ हा प्रश्न त्यात नाही, कारण त्यावर मुलगा बचाव करू लागतो. दादागिरीच्या प्रकरणात मात्र दोघांना समोरासमोर बसवण्याची घाई घातक ठरते. आधी त्रास झालेल्या मुलाशी एकट्याने बोलायचं, आणि त्याची इच्छा असेल तरच पुढे जायचं. तो नाही म्हणाला तर तिथेच थांबायचं.

शारीरिक इजा किंवा लैंगिक छळाचा संशय असेल, तर समेट हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. ते प्रकरण त्याच दिवशी बालसंरक्षणाच्या अधिकृत मार्गाने शाळेबाहेरच्या यंत्रणेकडे गेलं पाहिजे. ख्रिस्ती संस्थांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवं. आयर्लंडमध्ये धर्मसंघांनी चालवलेल्या संस्थांमधल्या मुलांच्या छळाचा चौकशी अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियात रॉयल कमिशन या सरकारी चौकशी आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी केली. दोन्हींकडे तक्रारी आतल्या आत दाबल्या गेल्याचं समोर आलं. जिथे मुलगा सुरक्षित नाही तिथे न्यायावरचं कोणतंही प्रवचन खोटं आहे. आम्ही शाळेचा नकाशा काढला आणि मुलांना, नावं न लिहिता, जिथे भीती वाटते तिथे ठिपके द्यायला सांगितले. ठिपके स्वच्छतागृहाच्या वाटेवर, कपडे बदलायच्या खोलीबाहेर आणि जिन्याखाली पडले. मधल्या सुट्टीच्या देखरेखीचं वेळापत्रक त्या ठिपक्यांप्रमाणे बदललं. इटलीतल्या तुरीनमध्ये मुलांसाठी काम करणारे धर्मगुरू जॉन बॉस्को एकोणिसाव्या शतकात हेच सांगत होते: गुन्हा झाल्यावर पकडण्यापेक्षा मोठ्यांनी मुलांमध्ये, मैदानावर, आधीपासून हजर असावं.

वर्गातलं शिकवणंही थोडं बदलावं लागलं. मुलांच्या वर्गात ‘समजलं नाही’ म्हणणं कमीपणाचं मानलं जातं, म्हणून विचारणं ऐच्छिक ठेवलंच नाही. तासाच्या शेवटच्या तीन मिनिटांत प्रत्येकाने चिठ्ठीवर एक न कळलेली गोष्ट लिहायची, पहिल्या नंबराच्या मुलानेही. सर्वाधिक आलेल्या दोन गोष्टींनी दुसऱ्या दिवशीचा तास सुरू होतो. ‘सगळं कळलं’ असं लिहिणाऱ्याने त्या धड्यावर एक अवघड प्रश्न तयार करून द्यायचा.

वरच्या पातळीच्या गणिताला आणि विज्ञानाला कोण बसणार, हे आधी शिक्षकांच्या शिफारशीवर ठरायचं. शिफारस नेहमी बोलक्या, नीटनेटक्या, ज्यांचे पालक भेटायला येतात अशा मुलांना मिळते. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं तसंच. दुसऱ्या वर्षी नियम फिरवला. ठरलेले गुण ओलांडणारा प्रत्येक मुलगा आपोआप त्या वर्गात जाईल, आणि नको असेल तर त्याने आणि पालकांनी सही करून बाहेर पडायचं. सही घेण्याआधी एका शिक्षकाने पालकांशी बोलायचं, कारण बरेच जण ‘आपल्याला झेपणार नाही’ एवढ्यावरच नको म्हणतात. यावर पुढे असलेल्या मुलांच्या पालकांनी दर्जा खालावेल अशी शंका घेतली. त्यांना प्रश्नपत्रिका दाखवल्या. अवघडपणा तोच, उत्तीर्ण होण्याची अट तीच, बदलला तो फक्त दरवाजा.

प्रकल्पांचं रंगीत साहित्य, छपाई, सहल, खेळाचे बूट, प्रयोगाचा कोट अशा छुप्या खर्चांची सत्राच्या सुरुवातीलाच यादी करून सामान एका उघड्या कपाटात ठेवलं. मागायला लागू नये, घेता यावं, एवढंच.

समाजकार्याकडे आम्ही सर्वांत शेवटी वळलो, आणि हा क्रम आम्हाला आजही बरोबर वाटतो. जुन्या पद्धतीत मुलं एकदा जायची, वस्तू वाटायची, फोटो काढायची आणि प्रमाणपत्रासाठी तास मोजायची. नव्या आखणीत एकाच ठिकाणी सहा भेटी, प्रत्येकी दोन तास. पहिल्या भेटीत काहीही करायचं नाही, फक्त तिथल्या लोकांना काय हवंय ते ऐकायचं. कॅमेरा बंद. पाया म्हणून बेल्जियन धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांची तीन पायऱ्यांची पद्धत घेतली. त्यांनी तरुण कामगारांसाठी १९२० च्या दशकात उभारलेल्या चळवळीतून ती जगभर पसरली: पाहा, पारखा, करा. शाळांमध्ये मधलीच पायरी गळते. मुलं पाहतात आणि लगेच करायला धावतात. म्हणून प्रत्येक भेटीनंतर २४ तासांच्या आत एक पान लिहायचं: काय पाहिलं, हे असं का आहे, याचा निर्णय कोणाच्या हातात आहे. गणितात त्याचे आलेख, भाषेत अहवाल, समाजशास्त्रात संबंधित कायदा. गुण द्यायचे ते पुराव्याला आणि कारणमीमांसेला. ‘मला खूप वाईट वाटलं’ याला गुण दिले की मुलं ठरावीक हळवी वाक्यं लिहायला शिकतात. कोरडं लिहिणारा मुलगा कदाचित सर्वांत खोल विचार करत असतो. आणि मुलांना सांगून ठेवावं की ज्या घरांची परिस्थिती तुम्ही पाहायला जाता, तसंच घर शेजारच्या बाकावरच्या मुलाचं असू शकतं. ‘ते गरीब लोक’ असं वर्गात म्हटलं गेलं की तो मुलगा खाली बघतो.

वर्गात सगळेच ख्रिस्ती नसतात. बायबलमधली मीखा ६:८ किंवा आमोस ५:२४ ही न्यायाबद्दलची वचनं वाचताना आम्ही ती वचनं अभ्यासाचा उतारा म्हणून ठेवली. हे कोणाला उद्देशून, कोणावर रागावून लिहिलं आहे? प्रार्थना ऐच्छिक ठेवली, आणि ती न म्हणणाऱ्या मुलाला वेगळं उभं केलं नाही. इतर धर्मांच्या मुलांनी स्वतःच्या परंपरेतले न्यायाचे उतारे आणले, तेव्हा चर्चा अधिक धारदार झाली.

बक्षीस समारंभाला आजवर बायबलमधला, चाकरांवर पैसा सोपवून गेलेल्या धन्याचा दाखला वाचला जायचा, ज्यात पैसा वाढवणाऱ्यांना शाबासकी मिळते. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, जिथे शेवटच्या तासाला आलेल्यालाही पुरती मजुरी मिळते, तो सहसा कुणी वाचत नाही. तिसऱ्या वर्षी दोन्ही वाचले. पहिल्या तीन क्रमांकांची बक्षिसं राहिली. त्यांच्या जोडीला जोडीवाचनाचे १२ आठवडे एकही दिवस न चुकवलेल्या मोठ्या मुलांची नावं आली. प्रगती केलेल्या धाकट्यांची नावं मात्र व्यासपीठावरून घेतली नाहीत, कारण त्यातून कोण मागे होता हे जाहीर होतं. त्यांना वर्गशिक्षकांनी एकट्याने पत्र दिलं.

मोजमापाबद्दल एक इशारा. पहिल्या वर्षी शिक्षांचे आकडे वाढलेले दिसतील, कारण आधी त्यांची नोंदच होत नव्हती. व्यवस्थापनाला हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर अर्ध्या वाटेत काम बंद पडतं. तुलना दोन वेगळ्या वर्षांच्या मुलांची करू नये. तोच मुलगा गेल्या वर्षी कुठे होता आणि आज कुठे आहे, हे पाहावं. पाहायच्या गोष्टी पाच: तळाच्या पाव आणि वरच्या पाव मुलांमधलं अंतर, मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द आणि पाच प्रश्नांचे गुण, वर्गाबाहेर गेलेली मिनिटं, वरच्या पातळीच्या वर्गातली मुलं, आणि विद्यार्थी मंडळातली मुलं. शेवटच्या दोन ठिकाणी फी सवलतीची मुलं शाळेतल्या त्यांच्या प्रमाणाइतकी आहेत का, हे तपासायचं. अंतर कमी झालं, पण वरची मुलं खाली आल्यामुळे, असंही होऊ शकतं. म्हणून दोन्ही टोकं वेगवेगळी लिहायची.

दहा रकान्यांचा कागद दर सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात नव्याने भरला जातो, कारण त्याआधी बदलून आलेल्या मुलांची माहिती हाती नसते. किल्ली सांभाळणाऱ्या तिघांपैकी कुणाची बदली झाली तर नव्या व्यक्तीकडे ती बंद पाकिटात, दोघांच्या सहीने जाते. शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या ओळी वर्षअखेरीस खोडल्या जातात. खोडण्याआधी तो का गेला, हे शेवटच्या रकान्यात लिहावं लागतं, आणि ‘घरगुती कारण’ हे उत्तर तिथे चालत नाही.